जिंजीत लिहिलेलं, तंजावरात कोरलेलं

राजाराम महाराजांनी २६ सप्टेंबर १६८९ रोजी पन्हाळा सोडला. अंगावर लिंगायत यात्रेकरूचा वेश होता आणि मागावर मोगल. बिदनूरच्या राणी चन्नम्मांनी त्यांना आपल्या मुलखातून सुखरूप पुढे काढलं आणि त्यापायी औरंगजेबाचं वैर पत्करलं. बंगळुरूत संशय आला तेव्हा खंडो बल्लाळ आणि काही सोबती मागे थांबले, पकडले गेले, मार खाल्ला. पण महाराजांचं नाव त्यांनी ओठांवर येऊ दिलं नाही. ऑक्टोबर संपता संपता महाराज वेल्लोरला पोहोचले आणि तिथून जिंजीला. महिन्याहून जास्त दिवसांची ती वाट आम्ही कोल्हापूरहून रात्रीची बस धरून बंगळुरू आणि पुढे भाड्याच्या गाडीने वेल्लोर, अशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवली. आम्ही म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा नववीतला मुलगा.

जाण्याचा आग्रह त्या मुलाचाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले. बारावा जिंजी, थेट तमिळनाडूत. यातले सात गड भाच्याने पायाखाली घातलेले. ‘मामा, बारावा राहिलाच ना,’ असं तो दोनदा म्हणाला आणि डिसेंबरची तिकिटं निघाली. मी मात्र मनात आणखी एक ठिकाण धरून निघालो होतो, तंजावरच्या मंदिरातली एक भिंत. तिच्याबद्दल पुढे सांगेन.

वेल्लोरचा किल्ला शोधावा लागत नाही. गावाच्या मधोमध तो पाण्यात बसलेला आहे. सह्याद्रीतले गड पाहून वाढलेल्या डोळ्यांना हे वेगळंच वाटतं. इथे डोंगर नाही, कडा नाही, सगळी भिस्त खंदकावर आणि ग्रॅनाइटच्या दुहेरी तटावर. विजयनगरच्या काळात सोळाव्या शतकात नायकांनी तो बांधला. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणाऱ्या सभासदाने आपल्या बखरीत या ‘येलूर’च्या कोटाचं वर्णन केलं आहे. तो सांगतो की असा दुसरा कोट पृथ्वीवर नाही, खंदकात हजारो सुसरी आहेत आणि तटावरून दोन गाड्या जोडीने जातील. सुसरी आता नाहीत, पाणी आहे. तटाच्या रुंदीबद्दल त्याने सांगितलेलं किती खरं, ते वर चालताना पटतं.

शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर आले तेव्हा, १६७७ मध्ये, त्यांनी या किल्ल्याला वेढा घातला. सहजासहजी पडण्यातला हा कोट नव्हता. म्हणून शेजारच्या डोंगरांवर दोन गड वसवले आणि त्यांना नावं दिली साजरा आणि गोजरा. तिथून तोफा किल्ल्यात डागता येत. वर्षभराहून अधिक काळ वेढा चालला आणि १६७८ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पूर्वेकडच्या डोंगरांवर हे गड आजही दिसतात. रणांगणावर उभं राहूनही कुणाला आपल्या गडाला ‘साजरा’, ‘गोजरा’ म्हणावंसं वाटलं, हे मला फार आवडतं. आई लेकराला ज्या शब्दांनी कुरवाळते ते हे शब्द आहेत.

किल्ल्यात जलकंठेश्वराचं मंदिर आहे. दगडातलं कोरीवकाम इतकं बारीक की भाचा कल्याणमंडपाच्या एकाच खांबापाशी पंधरा मिनिटं थांबला. देवाची मूर्ती शतकानुशतकं गाभाऱ्यात नव्हती, १९८१ मध्ये ती पुन्हा बसवली. त्याच तटाच्या आत मशीद आहे आणि चर्चही. टिपू सुलतानचं कुटुंब १७९९ नंतर इथेच नजरकैदेत होतं. आणि इथेच १० जुलै १८०६ च्या पहाटेआधी कंपनीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं. नवी पगडी आणि तिच्यावरचा चामड्याचा तुरा, कपाळावरच्या गंधाला बंदी, दाढीवर निर्बंध, अशा हुकमांनी ते चिडले होते. शंभराहून जास्त गोरे सैनिक मारले गेले. आर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन काही तासांत आला आणि बंड चिरडलं गेलं. शेकडो शिपाई मारले गेले. १८५७ च्या एक्कावन्न वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्याकडे शाळेत ती एखाद्या वाक्यात उरकतात. वेल्लोरकर मात्र १० जुलै विसरत नाहीत.

वेल्लोरहून आरणीमार्गे वांदवासीला गेलो. आरणी आज रेशमी साड्यांसाठी नावाजलेलं गाव आहे, पण इथली जहागीर शहाजीराजांच्या काळापासून वेदाजी भास्कर यांच्या देशस्थ घराण्याकडे होती. वांदवासीत पाहण्यासारखं फार उरलेलं नाही. पडक्या तटाचे तुकडे, खंदकाची खूण, भोवती भाताची खाचरं. तरी थांबावं. २२ जानेवारी १७६० रोजी इथे इंग्रजांच्या आयर कूटने लालीच्या फ्रेंच फौजेचा पराभव केला आणि हिंदुस्थानात फ्रेंचांचं राज्य होण्याची शक्यता संपली. फ्रेंच सेनापती बुसी याच लढाईत पकडला गेला. पुढच्या वर्षी जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा घात झाला आणि त्यानंतर अवघ्या एक-दोन दिवसांत पुद्दुचेरीतल्या फ्रेंचांनी इंग्रजांपुढे शस्त्रं ठेवली. इंग्रजांच्या वाटेतले दोन मोठे अडसर एकाच आठवड्यात खचले, एक उत्तरेत आणि एक या किनाऱ्यावर. आपण पानिपताचा विचार करतो तेव्हा ही दुसरी घटना आपल्या डोळ्यांपुढे नसते.

जिंजीला आम्ही सकाळी पोहोचलो. तमिळमध्ये गावाचं नाव सेंजी. तिरुवण्णामलईच्या रस्त्यावर लांबूनच तीन डोंगर दिसू लागतात आणि पहिल्या नजरेत ते डोंगर वाटतच नाहीत. प्रचंड धोंडे एकावर एक रचून ठेवावेत तसे दिसतात. आपला सह्याद्री थरांचा, कातळकड्यांचा. कडा तासला की गड अर्धा तयार. इथला ग्रॅनाइट गोलाकार फुटतो, त्यामुळे दोन धोंड्यांमधली प्रत्येक फट चिणावी लागते. तट डोंगरावरून चढतो, धोंड्याला भिडतो, थांबतो आणि पलीकडून पुन्हा सुरू होतो. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन डोंगरांना तटाच्या एकाच त्रिकोणात बांधलं आहे, त्यामुळे हा एक किल्ला नसून तीन बालेकिल्ले असलेलं एक अख्खं शहर आहे. तटाची जाडी काही ठिकाणी साठ फुटांच्या घरात जाते आणि त्याला बाहेरून रुंद खंदक आहे.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत गेलं की आधी खालचा भाग लागतो आणि बहुतेक लोक इथेच दमतात. कल्याणमहाल हा चौकोनी, मजल्यावर मजले चढवलेला, वर निमुळता होत गेलेला मनोरा; त्याला मातीच्या नळांतून तळ्याचं पाणी पुरवलं जाई. पलीकडे धान्याची कोठारं आहेत, जाड भिंतींची आणि कमानदार छपरांची. आत शिरलं की उन्हातून एकदम थंडाव्यात आल्यासारखं होतं. तालीमखाना, घोड्यांच्या पागा, हत्तींसाठीचं तळं. मी कोठारांपाशीच जास्त वेळ थांबलो. वेढ्याची गोष्ट तोफांनी सांगितली जाते, पण वेढा टिकतो तो धान्यावर आणि पाण्यावर. चेट्टीकुळम आणि चक्रकुळम ही दोन तळी पाहिली, कोठारं पाहिली, की जिंजी सात वर्षं कशी लढली याचं अर्धं उत्तर मिळतं.

किल्ला मूळचा स्थानिक कोन राजांचा, मग विजयनगरच्या नायकांचा, १६४९ च्या सुमारास विजापूरकरांचा. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो नासिर मुहम्मदखानाकडून घेतला, तोही वेढा न घालता, बोलणी करून. घेतला आणि लगेच बांधायला काढला. त्या काळी या भागात असलेल्या आंद्रे फ्रेइरे या जेसुइट पाद्र्याने पत्रात लिहून ठेवलं आहे की महाराजांनी जुन्या इमारती उतरवल्या, खंदक खणले, नवे तट उभारले आणि काम अशा कौशल्याने केलं की युरोपियनांनीही त्याची तारीफ करावी. राज्याभिषेकाला तीन वर्षं झालेली, वय पन्नाशीच्या आत, राजधानी रायगडावर सुरक्षित. तरीही हा राजा आपल्या मुलखापासून इतक्या दूर एक दुसरं घर मजबूत करून ठेवत होता. उत्तरेतून मोठं संकट आलं तर पाठ टेकायला जागा हवी, हा त्यामागचा हिशेब होता असं मला ठामपणे वाटतं. बारा वर्षांनी त्याच जागेने स्वराज्य वाचवलं.

कारण १६८९ साल आठवून पाहा. ११ मार्चला संभाजी महाराजांची हत्या. नोव्हेंबरच्या आरंभी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीत पोहोचले तेही त्याच दिवसांत. तिथेही दार लगेच उघडलं नाही. जिंजीचे सुभेदार हरजीराजे महाडिक, महाराजांचे मेहुणे, नुकतेच वारले होते आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी किल्ला देण्यास आधी खळखळ केली. जवळच्या नात्यातला हा ताण निवळला आणि जिंजी मराठ्यांची राजधानी झाली. प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवं पद निर्माण झालं. तिकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य ‘हुकूमतपनाह’ म्हणून सगळा कारभार वाहत होते. राजा एका टोकाला, मुलूख दुसऱ्या टोकाला आणि मधे औरंगजेबाची छावणी. राज्य अशा अवस्थेत चालवणं म्हणजे काय, हे राजगिरीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

सप्टेंबर १६९० मध्ये वजीर आसदखानाचा मुलगा झुल्फिकारखान वेढा घालायला आला. इतक्या लांब तटाला पुरती मिठी मारणं त्याला जमेना. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव महाराष्ट्रातून उतरले आणि १६९२ च्या डिसेंबरात संताजींनी कांचीचा फौजदार अली मर्दानखान याला पकडलं. मोगल छावणीची रसद तुटली. शहजादा कामबक्ष मराठ्यांशी गुपचूप बोलणी करतो म्हणून त्यालाच छावणीत अटकेत टाकावं लागलं. झुल्फिकारखान माघार घेऊन त्याच वांदवासीला जाऊन बसला. तो मुद्दाम वेढा रेंगाळवतो, अशी शंका मोगलांकडून लढाईत असलेल्या भीमसेन सक्सेनानेही नोंदवून ठेवली आहे. अखेर १६९८ च्या जानेवारीत जिंजी पडली. महाराज त्याआधीच निसटून विशाळगडाकडे निघाले होते. सात वर्षं मोगलांचा एक मोठा सेनापती, तोफखाना आणि खजिना या धोंड्यांपाशी अडकून पडला. त्या सात वर्षांत महाराष्ट्रात गेलेले किल्ले एकेक करून परत येत राहिले.

आणि याच वेढ्यात, १६९७ मध्ये, कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. शिवाजी महाराजांना पाहिलेल्या माणसाने मराठीत लिहिलेलं त्यांचं पहिलं चरित्र. ते रायगडावर लिहिलं गेलं नाही, पुण्यात नाही, साताऱ्यात नाही. ते जिंजीत लिहिलं गेलं. संताजी त्याच वर्षी मारले गेले होते, वेढा आवळत होता, आणि सत्तावीस वर्षांचा राजा म्हणत होता की माझ्या वडिलांनी काय केलं ते लिहून ठेवा. आपल्याला शिवचरित्राचं जे पहिलं मराठी पान मिळालं ते या उष्ण, धोंडाळ डोंगरांमध्ये. या एका गोष्टीसाठी मराठी वाचकाने जिंजीला एकदा यायलाच हवं.

राजगिरीची चढण दीड तासाची. पायऱ्या नीट आहेत, पण उंच आणि ऊन लागेल अशा. माकडांपासून पिशव्या सांभाळाव्या लागतात. वाटेत कमलक्कण्णी अम्मनचं देऊळ आहे. गडाची ही देवी सगळ्या राजवटींहून जुनी, असं इथले लोक मानतात. शेवटच्या टप्प्यात डोंगर एकदम दुभंगतो. साठेक फूट खोल घळ आणि तिच्यावर छोटा पूल. पूर्वी तो ओढून घेता येई. पूल काढला की माथा तुटून वेगळा होतो आणि पलीकडे मूठभर माणसं सैन्य अडवू शकतात. माथ्यावर रंगनाथाचं देऊळ, कोठार आणि एक तोफ. खाली पाहिलं की तिन्ही डोंगरांना बांधणारा तट एका दमात दिसतो. बहिणीने तिथे बसून डबा उघडला. तमिळ कुटुंबं आली होती, कॉलेजची मुलं होती. त्यांच्यातल्या एका मुलाने भाच्याला विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातून फक्त हा किल्ला पाहायला आलात? भाच्याने होकार दिल्यावर त्याने तिथल्या राजा देसिंगूची गोष्ट सांगायला घेतली.

ती गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. मोगलांनी जिंजी बुंदेल्या स्वरूपसिंहाकडे सोपवली. त्याचा मुलगा तेजसिंह, तमिळ जिभेवर देसिंगू, विशीत होता. आर्काटच्या सादतुल्लाखान नवाबाने खंडणी मागितली, याने नाकारली आणि १७१४ मध्ये थोड्या माणसांनिशी तो लढून मेला. जिवलग मित्र महाबतखान आपलं लग्न सोडून त्याच्या बाजूने लढायला आला आणि त्याच्याबरोबरच पडला, असं लोकगाथा सांगते. देसिंगूची पत्नी सती गेली, तिच्या मानार्थ नवाबाने राणीपेट हे गाव वसवलं. चेट्टीकुळमच्या काठी त्याच्या दहनाचा चौथरा दाखवतात. गावोगाव या राजाची गाणी गायली जात. जिंजी आपली आहे तशी ती त्यांचीही आहे, आणि इथल्या माणसाच्या तोंडी आधी देसिंगूचं नाव येतं. त्याला तो हक्क आहे.

खाली वेंकटरमण मंदिरात फिरताना काही ठिकाणी खांब नाहीत असं जाणवतं. ते कुठे गेले ते दुसऱ्या दिवशी पुद्दुचेरीच्या किनाऱ्यावर कळलं. तिथे गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे आठ उंच दगडी खांब उभे आहेत ते फ्रेंचांनी जिंजीहून आणलेले मानले जातात. बुसीने १७५० मध्ये जिंजी घेतली, १७६१ मध्ये ती इंग्रजांकडे गेली, आणि मग कुणालाच तिची गरज उरली नाही. खांबांवरची नक्षी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने झिजते आहे.

पुद्दुचेरीपासून तासाभरावर कडलूर. गडिलम नदीच्या काठी सेंट डेव्हिड किल्ल्याचे अवशेष आहेत, ते म्हणजे जेमतेम एक भिंत. तरी मी गाडी मुद्दाम वळवून नेली. जिंजीला वेढा पडत होता त्याच सप्टेंबर १६९० मध्ये राजाराम महाराजांच्या सरकारने ही जागा इंग्रज कंपनीला विकली. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल, ज्याच्या नावाचं विद्यापीठ आज अमेरिकेत आहे. करारात ठरलं की किल्ल्यातून तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरची गावं कंपनीची. कंपनीने चांगल्यातली चांगली तोफ आणली आणि चहूदिशांना गोळे डागले. त्या गावांना पुढे गुंडु ग्रामम्, म्हणजे गोळ्याची गावं, असं नाव पडलं. पुढे १७५६ मध्ये क्लाइव्ह इथला डेप्युटी गव्हर्नर झाला.

वेढ्यातल्या राजाला पैसा हवा होता, फौजेला पगार द्यायचा होता. दोष देणं सोपं आहे आणि मी तो देणार नाही. पण त्या भिंतीपाशी उभं राहून मला वाईट वाटलं, हे लपवतही नाही. औरंगजेबाशी लढण्यासाठी लागलेला पैसा आपण ज्यांच्याकडून घेतला, त्यांनीच सव्वाशे वर्षांनी शनिवारवाड्यावर आपलं निशाण लावलं.

तंजावरला जाताना कोल्लिडम नदी ओलांडावी लागते. हिच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीला जुलै १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, भेटले. वडिलार्जित मुलखाची वाटणी हा विषय होता. बोलणी जमली नाहीत आणि एका रात्री एकोजीराजे गुपचूप नदी पार करून तंजावरला निघून गेले. पुढे तह झाला, त्यात महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख एकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. घरातला वाद एका समंजस बाईच्या नावाने मिटला.

एकोजींनी १६७६ च्या सुमारास बसवलेलं तंजावरचं राज्य १८५५ पर्यंत चाललं. साताऱ्याची गादी बुडाल्यावरही सात वर्षं. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीत नाटकं लिहिली, सतराव्या शतकाच्या अखेरीस. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या प्रयोगाच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटक कावेरीकाठी लिहिलं जात होतं. राजवाड्यातल्या सरस्वतीमहाल ग्रंथालयात मराठीची तीन हजारांवर हस्तलिखितं आणि मोडी कागदांचे तेराशेहून जास्त रुमाल आहेत. काचेआड जेवढं मांडलं आहे तेवढंच पर्यटकाला दिसतं; त्यातही शरभोजीराजांनी जमवलेल्या पोथ्या, नकाशे, वैद्यकाची चित्रं दिवसभर पुरतील. हे दुसरे शरभोजी जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीखाली शिकलेले. धन्वंतरी महाल काढून त्यांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करवल्या, रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या, देवनागरी छापखाना काढून मुलांसाठी इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या.

आता ती भिंत. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलं. दोनशे फुटांहून उंच विमान आणि पायथ्याशी चोळांचे तमिळ शिलालेख. सगळे तिकडेच पाहत असतात. नैऋत्येला ओवरीच्या भिंतीवर मात्र अक्षरं बदलतात. ओळीमागून ओळ देवनागरी, भाषा मराठी. शरभोजीराजांचे चिटणीस बाबूराव यांनी रचलेला हा भोसले वंशाचा इतिहास १८०३ मध्ये दगडावर कोरला गेला. दगडावर इतका लांब इतिहास दुसरीकडे क्वचितच असेल.

या सनाकडे लक्ष द्या. चारच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, शरभोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला होता. हाती उरला होता तंजावरचा किल्ला आणि तनखा. फौज नाही, महसूल नाही. अशा राजाने आपल्या घराण्याची हकिगत ग्रॅनाइटवर कोरवून घेतली, तीही आपल्या राजवाड्यात नाही तर चोळांच्या आठशे वर्षं जुन्या देवळात, जिथे ती कुणी पाडणार नाही. सभासदाची बखर आणि हा शिलालेख यांच्यात एकशे सहा वर्षं आहेत. दोन्ही वेळी हातातून राज्य निसटत होतं आणि दोन्ही वेळी मराठ्यांनी तमिळ भूमीवर बसून आपलं लिहून ठेवलं. हेच शरभोजी पुढे १८१४-१५ मध्ये समुद्रकाठी मनोरा बांधतात, नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून, आणि त्यावरच्या लेखांतही मराठी आहे. ते वाचवत नाही. पण तोच माणूस पोथ्याही वाचवत होता, म्हणून मी त्याच्याबद्दल कृतज्ञ आहे.

संध्याकाळ उतरत होती. भाचा भिंतीशी उभा राहून बोटाने अक्षरं लावत होता. जुनी मराठी, जुनी वळणं, शब्द शोधत वाचावं लागतं. ‘शिवाजी’ हे नाव त्याला तिसऱ्या प्रयत्नात सापडलं. मग त्याने ओळ मोठ्याने वाचायला घेतली आणि शेजारची एक वयस्क बाई थांबून ऐकू लागली. ती तंजावरचीच. घरात आम्ही हेच बोलतो, असं ती तमिळ हेलाच्या मराठीत म्हणाली. वाचता मात्र तिला येत नव्हतं, शाळा तमिळमधून झालेली. आपल्या घरचं पिठलं आणि घरची भाषा तीनशे वर्षं सांभाळलेल्या माणसांपैकी ती एक. ‘पुढे वाच,’ ती भाच्याला म्हणाली. त्याने पुढे वाचलं.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मार्चनंतर जिंजीचे धोंडे तापतात. राजगिरीवर दुपारनंतर सोडत नाहीत, म्हणून सकाळीच चढायला लागा आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी घ्या. जिंजीसाठी एक पूर्ण दिवस, तंजावरसाठी दोन. शिलालेख सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात वाचा, तेव्हा अक्षरं उठून दिसतात. आणि सामानात सभासदाच्या बखरीची एक प्रत ठेवा. ती लहान आहे, दोन रात्रींत वाचून होते. तिची शेवटची पानं मात्र राखून ठेवा आणि जिंजीला गेल्यावर, कोठारांच्या सावलीत बसून वाचा.